डाव्या हाताने जेवणारी लेक

प्रिय ताई,

माझी मुलगी १६ वर्षांची. फोंड्यात शाळेपासून बास्केटबॉल खेळते. उंच आहे, त्यामुळे तालुक्यात तिच्यासमोर कोणी टिकत नसे. संघाचे निम्म्याहून जास्त गुण तिचे एकटीचे असायचे. दहावीनंतर शाळेतल्या सरांच्या आग्रहावरून आम्ही तिला पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात ठेवलं. जूनपासून तिथेच आहे, अकरावीही तिथूनच करते. पण गेल्यापासून खेळ पार बिघडलाय. अर्धा सामना बाकावर बसून असते, उतरली तरी चार-सहा गुण. फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. मंगेशीच्या जत्रेला घरी आली तर वाळलेली दिसली. त्यात डाव्या हाताने जेवत होती म्हणून आजीचा ओरडाही खाल्ला, असो. तिचे बाबा म्हणतात, इथे राणी होती, तिथे कोणी विचारत नाही, परत आणूया. मी बारावीसाठी फोंड्यातल्या हायर सेकंडरीचा फॉर्म आणून ठेवलाय. सरांनी आमची दिशाभूल केली का? काय करू?

– एक आई, फोंडा


तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही ‘असो’ म्हणून बाजूला टाकलीत.

रीतीभातीच्या घरात वाढलेली मुलगी, समोर आजी बसलेली, आणि ती डाव्या हाताने शीतकढी कालवते. ओरडा बसणार हे तिला ठाऊक नसेल का? चांगलं ठाऊक होतं. भात बोटांतून निसटत असणार, घास तोंडापर्यंत नीट पोचत नसणार, तरी तिने हात बदलला नाही. तुम्ही सगळ्यांनी तिचं वळण बिघडलं एवढंच पाहिलंत. मला त्यात सरावाला बसलेली खेळाडू दिसते. कच्चा हात तयार करायचा तर खेळणारी मुलं दात घासणं, दार उघडणं, जेवणं, सगळं त्या हाताने करायला लागतात. आणि ही मुलगी ते सुट्टीत, जत्रेच्या दिवशी, प्रशिक्षक शेकडो किलोमीटर दूर असताना करत होती.

आता हा डावा हात लागतो कशाला, ते ऐका. त्यातच तुमच्या चार-सहा गुणांचं उत्तर आहे.

फोंड्यात ती सगळ्यांत उंच. उंच मुलीला शाळेचे सर रिंगखाली उभी करतात, साहजिक आहे. उंच पास आला, झेलला, उजवीकडे वळली, टाकला. अडवणारी मुलगी तिच्या खांद्याला लागत असणार. असा खेळ वर्षानुवर्षं चालला की डावा हात कधी लागतच नाही, चेंडू टपवत डोकं वर ठेवून मैदान बघायची वेळ येत नाही, दोघी अंगावर आल्या तर काय करायचं हा प्रश्नच पडत नाही. ती वाईट शिकली असं मी म्हणत नाही. तिला शिकायची गरजच पडली नाही.

पुण्यात तिच्याएवढ्या, तिच्याहून उंच मुली दारात उभ्या. रिंग तीच, ३.०५ मीटरवरची, पण आता मध्ये हात आले. पहिल्या आठवड्यातच तिथल्या मुलींनी ओळखलं असणार की ही फक्त उजवीकडे जाते. मग उजवी बाजू बंद. डावीकडून रिंगकडे जाताना चेंडू उजव्या हातात असेल तर तो अडवणारीच्या हाताशीच येतो. डाव्या हातात असेल तर मध्ये स्वतःचं अंग येतं आणि चेंडू वाचतो. म्हणजे डाव्या हाताचा ले-अप, धावत रिंगखाली जाऊन उडी मारत एका हाताने चेंडू टाकणं, हवा, आणि त्यासाठी पायही उलटे पडायला हवेत: उडी उजव्या पायावर, गुडघा डावा वर. नऊ-दहा वर्षांचं मूल हे खेळता खेळता उचलतं. सोळाव्या वर्षी अंगात मुरलेली लय मोडून नवी बसवावी लागते, आणि ती बसेपर्यंत जुनं जे येत होतं तेही अडखळतं. त्यातच २४ सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकायचं बंधन. आपल्याकडच्या शाळांच्या सामन्यांत ते घड्याळ बहुधा नसतंच. माझा अंदाज आहे की तिला रिंगखालून काढून बाहेर, गार्डच्या जागेवर आणलं असेल. त्या जागेवरची मुलगी चेंडू आणते, वाट काढते, दुसरीला देते. टाकलेले गुण दुसरीच्या नावावर लागतात. तुम्ही मात्र अजून तिच्याच नावासमोरचा आकडा वाचताय.

तिच्या सरांनी दिशाभूल केली का, असं विचारता. त्या माणसाचे आभार माना. जिल्ह्यात मिरवायला हाताशी असलेली सगळ्यांत चांगली खेळाडू त्याने स्वतःहून दुसरीकडे पाठवली. एवढं मन सगळ्यांचं नसतं.

इथे राहिली असती तर काय झालं असतं, तेही बघा. जून ते सप्टेंबर आपली सिमेंटची उघडी मैदानं शेवाळाने हिरवी होतात, त्यावर धावलं तर गुडघा जातो. छपराखाली जागा मिळाली तरी वर्षभर समोर त्याच चार शाळांच्या त्याच मुली. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, सोयी वाढल्या, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण रोज संध्याकाळी तुमच्या मुलीचा चेंडू हिसकावून घेणाऱ्या डझनभर मुली इमारतीबरोबर येत नाहीत. त्या जिथे आहेत तिथे जावं लागतं.

गीतू ॲना जोस हे नाव तुमच्या लेकीला नक्की माहीत असेल. केरळची. आधी व्हॉलीबॉल, मग बास्केटबॉल, पुढे भारताच्या संघाचा कणा. तीही मेलबर्नच्या रिंगवुड क्लबकडून खेळायला ऑस्ट्रेलियात गेली. २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या संघांनी तिला चाचणीला बोलावलं, निवड मात्र झाली नाही. २०१४ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत घडला, २०१० मध्ये कोवळ्या वयात फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला निवडलं. सात फुटांचा मुलगा, गावात राहिला असता तरी उंचच राहिला असता. त्याला घर सोडावं लागलं ते उंचीच्या पुढचं शिकायला. एनबीएचा सामना त्याला शेवटपर्यंत खेळायला मिळाला नाही, हेही सांगते, कारण तुमची लेक मोठी खेळाडू होईल असं आश्वासन मी देत नाहीये. ती आत्ता शिकते आहे, एवढंच खात्रीने सांगते.

आणि आता थोडं तुमच्याबद्दल. तुमच्या पत्रात बाबांचं मत आहे, आजीचा राग आहे, तुमची काळजी आहे, फॉर्मसुद्धा आहे. मुलीला परत यायचंय, असं एक वाक्य नाही. तुम्ही विचारलंत का? की ‘किती गुण झाले’ एवढंच विचारता, ती ‘चार’ म्हणते आणि पलीकडे तुमचा सुस्कारा ऐकते? अशा फोनवर मीही दोन वाक्यांपलीकडे बोलले नसते. तिला इथे राणी म्हणून बघायची सवय तुम्हाला लागली, आणि ते सुख गेलं म्हणून तुम्ही कासावीस झालात. हे स्वाभाविक आहे. पण तुमच्या सुखासाठी तिने परत येऊन त्याच चार शाळांना हरवत बसायचं का? तेही आता, निम्मी वाट चालून झाल्यावर?

वाळली म्हणता, तर वसतिगृहात पोटभर आणि वेळेवर जेवण मिळतं का ते जरूर बघा. दिवसाला चार तास खेळणाऱ्या मुलीला तेवढं अन्न लागतं, त्यात भीड धरू नका. एखाद्या दिवशी ती स्वतः रडून म्हणाली की मला इथे राहवत नाही, किंवा तिथे कोणी तिला त्रास देतंय, तर त्याच रात्री गाडी काढा, मला विचारू नका. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही.

म्हणून फॉर्म भरू नका. बारावी तिला तिथेच करू द्या. येत्या आठवड्यात तुम्ही दोघं पुण्याला जा, आणि सामन्याच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवार-बुधवारी संध्याकाळच्या सरावाला जा. कोपऱ्यात बसा. प्रशिक्षकांकडे तिला जास्त खेळवा म्हणून शब्द टाकू नका, तिची मान खाली जाईल. फक्त ती डाव्या बाजूने किती वेळा आत घुसते, किती वेळा चेंडू गमावते आणि गमावल्यावर परत त्याच बाजूने जाते का, ते बघा. बाबांना शेजारीच बसवा आणि सराव संपेपर्यंत उठू देऊ नका.