दह्याची स्लाइड आणि ओला कचरा

इंदूर, रविवार

प्रिय बाळ,

‘काकू, सूक्ष्मजीवांचे प्रकार पाठच होत नाहीयेत’ हा तुझा मेसेज काल वाचला. जीवाणू, आर्किया, बुरशी, आदिजीव, शैवाल, विषाणू ही यादी घोकून परीक्षेपुरती राहते, मग जाते. माझीही गेली होती. पुस्तक मिटव आणि गच्चीवर तुझ्या आईची ओल्या कचऱ्याची कुंडी आहे, तिचं झाकण काढ.

आपल्या गावात कचऱ्यापासून सुरुवात करणं काही कमीपणाचं नाही. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ 1924 ते 1931 खत कुजवण्याचे प्रयोग करत होते. त्यांच्याबरोबर यशवंत वाड होते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, मधूनमधून उलथापालथ, आणि साधारण तीन महिन्यांत खत. जगभर त्याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. आपण मात्र इंदूर म्हटलं की पोहे-जिलबीवरच थांबतो. (जिलबीचं पीठ आंबतं तेही सूक्ष्मजीवांचंच काम, पण ते असो.)

ढीग रचला की पहिल्यांदा जीवाणू तुटून पडतात. साखर, पिष्ट, जे सोपं ते आधी. इतक्या जोरात खातात की मोठा ढीग आतून 60-65 अंशांपर्यंत तापतो. तेव्हा तिथे उष्णता सोसणारेच टिकतात. मग ढीग निवतो आणि काड्यांवर राखेसारखी पांढरी भुकटी दिसते. ती हातात घेऊन वास घे, पहिल्या पावसाचा येईल. ही ॲक्टिनोमायसिटीज. दिसायला बुरशीसारखी तंतुमय, पण आहेत जीवाणू. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक 1943 मध्ये यांच्याच एका भाईबंदाकडून मिळालं. तोंडी परीक्षेत इथे हमखास पाय घसरतो, तसाच ‘नीलहरित शैवाला’पाशी. नाव शैवाल, जात जीवाणूची. खरी बुरशी लाकूडफाट्यासारखं चिवट खाणं संपवते. आणि ओलाव्यात पोहणारे आदिजीव या जीवाणूंनाच गिळतात. त्यांना केंद्रक असतं, जीवाणूंना नसतं. एवढी एक गोष्ट मात्र पाठ कर.

आता हवा बंद करून बघ. आपल्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये (कचऱ्यापासून गाडीचं गॅस-इंधन बनवतात तो) रोज 550 टन ओला कचरा घेण्याची सोय आहे. तिथे मिथेन बनवतात ते आर्किया. ऑक्सिजन त्यांना विषासारखा. 1977 पर्यंत त्यांना जीवाणूंतच मोजत. कार्ल वोज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणाच्या) आरएनएची जुळणी करून पाहिली तेव्हा घराणंच वेगळं निघालं. या गॅसवर चालणाऱ्या सिटी बसमध्ये बसशील तेव्हा त्यांची आठवण काढ.

विषाणू या सगळ्यांत बसत नाहीत. स्वतः खात नाहीत, वाढत नाहीत. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याकडून आपल्या प्रती काढून घेतात. जीवाणूंनाही त्यांचे विषाणू असतात. अँटिबायोटिक बहुधा जीवाणूची भिंत नाहीतर त्याचं रायबोसोम गाठतं. विषाणूकडे दोन्ही नाही. म्हणून व्हायरल तापाला ‘एखादी स्ट्राँग गोळी द्या’ म्हणणाऱ्या मामांना तूच समजाव, माझं ऐकत नाहीत.

एवढं डोळ्यांनी पाहिलंस की मग स्टेनिंग, म्हणजे जीवाणू दिसावेत म्हणून त्यांना रंग देणं. हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी 1884 मध्ये सांगितलेली रीत, थोडी सुधारून, अजून रोज वापरतो: जांभळा रंग एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग स्पिरिटने धुणं, शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी रंग (हा नंतर इतरांनी जोडला). जाड भिंतीचे जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, पातळ भिंतीचे सोडून देतात आणि गुलाबी होतात. पहिले ग्राम पॉझिटिव्ह, दुसरे ग्राम निगेटिव्ह. सगळी गोम स्पिरिटमध्ये. दहा-पंधरा सेकंद, बस्स.

माझ्या पहिल्या नोकरीत मी एका नमुन्याची स्लाइड केली, सगळे कोकाय (गोल जीवाणू) गुलाबी. मी आत्मविश्वासाने ‘ग्राम निगेटिव्ह’ लिहायला घेतलं. आमच्या मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवायला लावलं. डब्यातलं दही काढलं, त्याची स्लाइड माझ्याच हातून करून घेतली. दह्यातले जीवाणू ठरलेले ग्राम पॉझिटिव्ह, जांभळेच दिसायला हवेत. माझ्या स्लाइडवर तेही गुलाबी! रंग नव्हे, माझा धुण्याचा हात चुकत होता. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दही परत डब्यात ठेवून जेवायला गेल्या. तेव्हापासून प्रत्येक खेपेला नमुन्याशेजारी एक ओळखीची स्लाइड ठेवते. तूही ठेव, कॉलेजात कोणी सांगो न सांगो.

येत्या रविवारी सकाळी ये. घरी विरजलेलं दही आण, वाटीत चमचाभर पुरे. काचेवर फार दाट स्मिअर (थर) करू नकोस, दुधाच्या प्रथिनाचा गुलाबी चिखल होतो आणि त्यात काही सापडत नाही. शंभरच्या, म्हणजे तेलाच्या लेन्सखाली जांभळ्या मण्यांच्या माळा दिसतील, मधूनमधून काड्या. मायक्रोस्कोप माझा जुना आहे, फाइन ॲडजस्टमेंट (बारीक फोकसचा स्क्रू) उजवीकडून जरा अडखळते. तेलाची लेन्स पुसायला लेन्स पेपरच घ्यायचा, ओढणी नाही.

तुझी,
काकू