मिटलेले पंखही बघ

अगं, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर जातेस आणि फुलपाखरांच्या उघड्या पंखांचेच फोटो काढतेस, काहून? मिटलेली बाजूही बघ. लपायचे काम तिचे. जोडीदाराला खुणावायचे काम बहुतेकदा वरच्या बाजूचे.

सुरुवात ‘कॉमन इव्हनिंग ब्राउन’पासून कर. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात; कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळजवळ पुसलेले, नुसते वाळके पान. जात तीच, फक्त वाढताना मिळालेले तापमान वेगळे. पाचोळ्यात बसला की माझ्याही पायाखाली येता येता वाचतो.

मग ‘डॅनॅइड एगफ्लाय’ शोध, घोळीच्या भाजीच्या आसपास. नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांभोवती निळी-जांभळी झाक. ती रंगद्रव्याची नाही, पंखांवरच्या खवल्यांच्या सूक्ष्म रचनेची. म्हणून तू एक पाऊल बाजूला सरकलीस की विझते. मादी मात्र नारिंगी, हुबेहूब ‘प्लेन टायगर’ फुलपाखरासारखी! त्याची अळी रुई खाते, तो बेचव असतो, पक्षी टाळतात. हिला त्याच्या बदनामीचा आयता फायदा. पहिली दोन वर्षे मी हिची नोंद बिनधास्त ‘टायगर’ म्हणून करत होतो. मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोज: टायगरला मध्याभोवती तीन-चार, हिला वरच्या कडेजवळ एकच.

आणि हो, पंखाला बोट लावू नकोस. रंग म्हणजे ते खवलेच, झडले की परत येत नाहीत.