न्या. कृष्ण अय्यर : वाचकांचे प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यावरच्या गेल्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न घेतो.

मंत्री राहिलेला माणूस सर्वोच्च न्यायालयात बसतो कसा? कायदा आड येत नाही? (सांगली)

येत नाही. उच्च काय, सर्वोच्च काय, न्यायमूर्ती व्हायला राज्यघटना उच्च न्यायालयातली दहा वर्षांची वकिली पुरेशी मानते. राजकारण केलंय का, हे विचारत नाही. अय्यर यांनी १९३८च्या सुमारास उत्तर मलबारातल्या (आताच्या केरळातल्या) थलश्शेरीत वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केली. पुढे पक्षकार मिळाले ते कुळं आणि कामगार. कम्युनिस्टांना मदत केल्याच्या आरोपावरून १९४८मध्ये महिनाभर तुरुंगही पाहिला. १९५२मध्ये मद्रास विधानसभेत आणि १९५७मध्ये केरळच्या विधानसभेत ते अपक्ष म्हणून गेले. कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, पाटबंधारे यांच्यासोबत तुरुंग खातंही त्यांच्याकडे होतं, ते विसरू नका. १९५९मध्ये सरकार बरखास्त झालं. नंतर पुन्हा वकिली, १९६८मध्ये केरळ उच्च न्यायालय, मग विधी आयोग आणि १९७३मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालय. 'राजकीय नेमणूक' म्हणून तेव्हा काही नामवंत वकिलांनी उघड विरोध केला होता. त्या वेळी मीही कदाचित केला असता.

त्यांनीच इंदिरा गांधींना वाचवलं, असा मेसेज फिरतोय. खरं आहे? (नाशिक)

अर्धंच. १२ जून १९७५ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराजींची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी होती आणि सुट्टीतले न्यायमूर्ती होते अय्यर. कायदामंत्री ह. रा. गोखले, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचेच माजी न्यायमूर्ती, यांनी फोन करून भेट मागितली. अपिलाचं काम असेल तर कागद रजिस्ट्रारकडे द्या, भेटायची गरज नाही, असं उत्तर त्यांना मिळालं. हा किस्सा अय्यर यांनीच सांगितलेला आहे. २४ जूनला इंदिराजींचे वकील नानी पालखीवाला विनाशर्त स्थगिती मागत होते, मिळाली सशर्त. पंतप्रधानपदी राहा, सभागृहात बोला, पण खासदार म्हणून मत नाही, मानधन नाही. निवडणूक अपिलांत असा प्रघातच होता. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली.

भावाला परजिल्ह्यात अटक झाली. जामीनदार तिथलाच आणा म्हणतात. (बीड)

तुमच्या वकिलांना १९७८चा मोतीराम निकाल दाखवा. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. गवंडी आतच. अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर (म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर) सोडायला सांगितलं आणि जिल्ह्याच्या हद्दीवरून जामीनदार नाकारण्याची हजेरी घेतली. दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला, तर त्याने तिथे जमीनजुमल्याचा जामीनदार कुठून आणायचा? ऐपतीच्या दाखल्यासाठी तालुक्याला खेपा घालणारे नातेवाईक ज्याने मुफस्सल (शहराबाहेरच्या, जिल्हा-तालुक्याच्या) कोर्टात पाहिलेत, त्यालाच हा प्रश्न सुचतो.

एलएल.बी.ला आहे. त्यांचं इंग्रजी झेपत नाही. कुठून सुरुवात करू? (पुणे)

मलाही सगळं झेपत नाही. चार शब्दांचं काम ते चौदा शब्दांत करत, आणि त्यातले दोन तरी शब्दकोशात शोधावे लागत. 'होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९७८) घे, आपल्याच राज्यातलं आहे. बनावट पदवीच्या खटपटीत शिक्षा झालेला प्राध्यापक चार वर्षं उशिरा सर्वोच्च न्यायालयात आला. कारण काय, तर उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेत हाती पडली नाही. तुरुंग म्हणे, दिली होती. पण कैद्याच्या सहीची पावती नव्हती. याचिका फेटाळलीच गेली. मात्र त्याच निकालात अय्यर यांनी घालून दिलं, की कैद्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची, तुरुंगाने त्याची लेखी पोच घ्यायची आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा. आधी पावतीचा परिच्छेद वाच, मग बाकीचा निकाल.