घरी दारू गाळताना साखरेच्या वॉशवरून (म्हणजे आंबवायचं साखरपाणी) धान्याच्या मॅशवर (म्हणजे गरम पाण्यातला धान्याचा घोळ) जाताना नेमकं काय बदलतं?

आधी हे सांगतो, मी न्यूझीलंडला राहतो, इथे 1996 पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवानगी आहे, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय तो सरळ गुन्हा आहे, तिकडे करू नका.

आता मुद्दा. साखर यीस्ट थेट खातं आणि त्यातून अल्कोहोल बनवतं, धान्यातला स्टार्च त्याला खाताच येत नाही, म्हणून आधी त्याची साखर करावी लागते आणि ते काम माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतले एन्झाइम्स करतात. मका असेल तर आधी चांगला शिजवून घ्या, मग 65 डिग्रीच्या आसपास आणून माल्ट घाला, 75 च्या वर गेलात तर एन्झाइम मरतात आणि सगळी मेहनत पाण्यात. पहिल्यांदा केलं तेव्हा पिठल्यासारखा घट्ट गोळा झाला होता, डाव उभा राहत होता त्यात, म्हटलं गेलं सगळं, पण माल्ट घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आमटीइतकं पातळ झालं!

तास-दीड तासाने पांढऱ्या बशीत थेंबभर काढून त्यावर आयोडीन टाका, काळं-निळं झालं तर स्टार्च बाकी आहे, अजून थांबा. तो थेंब परत भांड्यात ओतू नका प्लीज. यीस्ट मात्र 30 च्या खाली आल्यावरच.

दारूचा उतारा साखरेपेक्षा कमीच येणार, पण चव... साखरेला ती नसतेच हो. आणि गाळण्याआधी चोथा कापडातून नीट पिळून काढा, नाहीतर एलिमेंटला (भांड्यातल्या तापणाऱ्या कॉइलला) करपतो, तो वास अख्ख्या बॅचला लागतो.