ॲमेझॉन आणि वॉलमार्टच्या झुंजीत आपला लहान व्यापारी टिकेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. या दोन अमेरिकी कंपन्या भारतातल्या ऑनलाइन बाजारासाठी एवढा पैसा का ओतताहेत, आणि त्यात आपल्याकडचा लहान व्यापारी टिकेल का. मी सोलापूरचा. घरचा टॉवेल-चादरींचा धंदा आहे आणि 2016 पासून त्यातला काही माल ऑनलाइन विकतो. त्यामुळे दुसरा प्रश्न रोज सकाळी सेलर पॅनल, म्हणजे विक्रेत्याचं ऑनलाइन खातं, उघडलं की माझ्यासमोर असतोच.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. चीन त्यांच्या हातून निसटला. ॲमेझॉनने 2004 मध्ये जोयो ही चिनी कंपनी विकत घेतली होती, पण अलीबाबा आणि जेडी या तिथल्या ऑनलाइन कंपन्यांपुढे टिकाव लागला नाही आणि 2019 मध्ये तिथला बाजार आवरता घ्यावा लागला. वॉलमार्टनेही 2016 मध्ये तिथलं आपलं ऑनलाइन दुकान जेडीकडे सोपवलं. एवढी माणसं असलेला आणि कुणा एकाच्या ताब्यात न गेलेला बाजार मग भारतच उरला. वॉलमार्ट 2007 पासून भारती या एअरटेलवाल्या उद्योगसमूहासोबत इथे होती, पण घाऊक विक्रीपुरती. 2012 मध्ये सरकारने किरकोळ दुकानांत 51 टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला वाट करून दिली, तरी त्याला राज्यांच्या संमतीची आणि इथल्या लहान उद्योगांकडून 30 टक्के माल घेण्याची अट होती. 2013 मध्ये भारतीशी भागीदारी मोडली. अखेर मे 2018 मध्ये 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेण्याचं वॉलमार्टने जाहीर केलं. ॲमेझॉन जून 2013 पासून इथे उतरलेली होतीच.

नुसत्या पैशावर हा बाजार जिंकता येत नाही, हेही लक्षात घ्या. ईबे ही अमेरिकी ऑनलाइन कंपनी या दोघींच्या कितीतरी आधी, 2004 मध्ये, बाझी डॉट कॉम ही इथली वेबसाइट विकत घेऊन आली. 2017 मध्ये तिने भारतातला धंदा फ्लिपकार्टच्या हवाली केला आणि पुढच्या वर्षी तो बंद झाला. इथल्या गिऱ्हाईकाला वस्तू हातात पडेपर्यंत पैसे द्यायचे नसतात. आपल्या आजोबांच्या पिढीने पुस्तकं आणि औषधं व्हीपीपीने, म्हणजे पार्सल आल्यावर पोस्टमनला पैसे देऊन, मागवली, ती याच हिशेबाने. फ्लिपकार्टने 2010 मध्ये घरपोच रोख पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा ही जुनीच सवय त्यांनी ओळखली, असं मला वाटतं. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पार्सल गावोगाव पोहोचवायला या सगळ्या कंपन्या ज्या सहा आकडी पिनकोडवर विसंबून आहेत, तो 1972 मध्ये टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने घडवला. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या अशा पायावर हा बाजार चालतो, म्हणून त्याला नियम लावण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

आता नियमांकडे वळतो, कारण खरी झुंज तिथेच चालली आहे. परदेशी भांडवलाच्या कंपनीला भारतात ऑनलाइन बाजार चालवता येतो, पण काही अपवाद सोडले तर स्वतःच्या मालकीचा माल थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. आठवडी बाजाराचा ठेका घ्या, जागाभाडं घ्या, पण स्वतःचं पाल लावू नका, असा त्याचा अर्थ. ठेकेदारच भाजी विकायला बसला तर चांगली जागा कुणाला मिळणार, हे कुणीही सांगेल.

अडचण अशी झाली की पाल दुसऱ्याच्या नावावर लागलं. ॲमेझॉन आणि नारायण मूर्ती यांची कॅटामरान ही गुंतवणूक कंपनी यांच्या भागीदारीतून क्लाउडटेल ही विक्रेता कंपनी 2014 मध्ये उभी राहिली आणि बघता बघता त्या बाजारातली सगळ्यात मोठ्या विक्रेत्यांपैकी एक झाली. मार्च 2016 मध्ये सरकारने सांगितलं की एका विक्रेत्याकडून बाजाराच्या एकूण विक्रीच्या 25 टक्क्यांहून जास्त विक्री होता कामा नये. डिसेंबर 2018 मध्ये नियम आणखी आवळला. बाजार चालवणाऱ्या कंपनीचा किंवा तिच्या समूहातल्या कंपनीचा ज्या विक्रेत्यात हिस्सा आहे, त्याने त्या बाजारावर विकायचंच नाही, आणि हे 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू. वॉलमार्टचा सौदा जाहीर होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. क्लाउडटेलचा माल त्या दिवसांत काही काळ ॲमेझॉनवरून दिसेनासा झाला. मग ॲमेझॉनने भागीदारीतला आपला वाटा 49 वरून 24 टक्क्यांवर आणला, म्हणजे ती भागीदारी नियमाच्या लेखी ॲमेझॉनच्या समूहातली राहिली नाही, आणि माल परतला. मे 2022 मध्ये क्लाउडटेल कायमची थांबली.

हे इतक्या तपशिलात सांगतोय, कारण माझं म्हणणं याच धाग्यावर उभं आहे. माल कुणाचा, यावर आपला कायदा अनेकदा बोलला. माल कुणाला दिसणार, यावर तो फार कमी बोलतो. आणि माझ्यासारख्याचं पोट दिसण्यावर आहे. गिऱ्हाईक ‘टेरी टॉवेल’ असं टाइप करतं तेव्हा त्याच्या मोबाइलवर पहिली पाच-सहा चित्रं कुठली येतात, एवढ्यावर महिन्याचा धंदा ठरतो. तिसऱ्या पानावर गेलेला विक्रेता कायद्याने कितीही सुरक्षित असला तरी त्याचा माल गोदामातच राहतो. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांविरुद्ध चौकशीचा आदेश दिला, त्यातली एक मुख्य तक्रार हीच होती: ठराविक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांत मालाचा क्रम कशावरून लावला जातो ते सोप्या भाषेत सांगा, असंही कलम आहे. ते कलम मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पण आज त्याखाली मिळणारं उत्तर ‘लोकप्रियता, किंमत, उपलब्धता’ इतकं मोघम असतं की त्यावरून मी माझ्या लिस्टिंगमध्ये, म्हणजे मालाच्या ऑनलाइन पानात, काय सुधारायचं ते कळत नाही.

माझा अनुभव सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. एका दिवाळीच्या सेलमध्ये माझा एक सेट अचानक वर आला आणि दहा दिवसांत तीन महिन्यांचा माल गेला. सूट कुणाच्या खिशातून, तर बहुतेक माझ्याच. मी उत्साहात जादा सूत उचललं, दोन माग भाड्याने घेतले. सेल संपला आणि तोच सेट खाली गेला. तसाच माल विकणारा एक मोठा विक्रेता वर आला होता. मी तक्रार केली, तिकीट नंबर मिळाला, साच्यातलं उत्तर मिळालं. माग परत केले. सूत वर्षभर पुरलं. त्या दिवाळीला घरात सगळ्यांनी रात्र रात्र पॅकिंग केलं होतं, आणि पुढच्या महिन्यात कारागिराला उचल द्यायला मला चुलत्यांकडून पैसे घ्यावे लागले.

परत येणाऱ्या मालाची गोष्ट वेगळीच. रोखीच्या ऑर्डरचं पार्सल गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवलं, की आमच्या भाषेत ते आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’. गुवाहाटीला गेलेला गठ्ठा वीस दिवसांनी मळून परत येतो. वापरून धुतलेले टॉवेल ‘खराब निघाले’ म्हणून आलेलेही मी पाहिले आहेत. म्हणून आता प्रत्येक पार्सल बांधताना व्हिडिओ काढतो आणि वजन काट्यावर दिसेल असा फोटो ठेवतो, कारण कुरिअरने वजन जास्त लावलं तर वाद घालायला तोच पुरावा.

तरीही मी ऑनलाइन विकणं सोडलेलं नाही आणि कुणाला सोडायला सांगणारही नाही. सोलापूरच्या बाहेर ज्यांना आमचं नाव ठाऊक नव्हतं, अशा इंफाळच्या आणि कोट्टायमच्या माणसांनी आमच्या चादरी घेतल्या. वडिलांनी चाळीस वर्षांत एवढी गावं पाहिली नाहीत. आणि दोन बलाढ्य कंपन्या भांडतात तेव्हा तिसऱ्याला जागा होते, हेही खरं. मीशो या भारतीय ऑनलाइन बाजाराने 2021 मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं, आणि मग मोठ्यांनाही स्वस्त मालावरच्या आपल्या दरांचा विचार करावा लागला. ऑक्टोबर 2023 पासून जीएसटीच्या उलाढाल मर्यादेखालच्या विक्रेत्याला आपल्या राज्यात नोंदणीशिवाय ऑनलाइन विकता येतं, याचा फायदा आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या दोन ताईंना झाला. ओएनडीसी या सरकारी पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खुल्या ऑनलाइन जाळ्यावरही मी नोंदणी केली आहे. ऑर्डर अजून तुरळक आहेत, पण तिथे बाजार एका कंपनीच्या मालकीचा नाही, एवढ्यासाठी मी चिकटून आहे.

तेव्हा टिकेल का? एकाच बाजारावर सगळा माल टाकणारा टिकणं अवघड. तुम्ही स्वतः सुरुवात करणार असाल तर आधी आपल्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवा, म्हणजे दुसरा कुणी तुमच्या लिस्टिंगवर बसला तर बोलता येईल. सेलमध्ये भाग घ्या, पण सूट आणि परतीचा खर्च धरून कागदावर हिशेब मांडल्याशिवाय नको. सेलमधली विक्री बघून माग भाड्याने घेऊ नका. मी आता ऑनलाइन विक्री एकूण धंद्याच्या निम्म्यावर जाऊ देत नाही. उरलेला निम्मा माल सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आणि पुण्याच्या जुन्या दुकानदारांना जातो. ते पैसे उशिरा देतात, पण माझा माल कुठल्या फळीवर ठेवलाय ते मला दुकानात जाऊन बघता येतं.