मोठ्या सिनेगॉगमध्ये आपली माणसं कुठे भेटतात

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्याहून न्यू जर्सीला येऊन आठ महिने झाले, अकराशे कुटुंबांच्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचे, सभासद झालात, नव्याच्या सणाला (ज्यू नववर्षाला) आणि दारफळणीला (योम किप्पूरच्या उपासाला) तिघंही जाऊन बसलात, आणि एकानंही नाव विचारलं नाही. नवरा म्हणतो, एवढी वर्गणी भरून परकंच राहायचं तर चाळीस मिनिटांवरचं लहान सिनेगॉग काय वाईट? आणि तू विचारतेस, इतक्या मोठ्या जमातीत ओळखी होतात तरी का, आणि त्यासाठी धडपड करावी का.

होतात, आणि करावी. मीही तुझ्यासारखी बेने इस्राएल, कोकणातली ज्यू; अलिबागची, इस्राएल आळीतली. इकडे येऊन सव्वीस वर्षं झाली. वयानं मोठी आहे म्हणून 'तू'च म्हणते.

तुला काय लागलं ते मला नेमकं कळतं. आपण हातबोशीत वाढलेली माणसं. प्रार्थना संपली की समोरच्याच्या बोटांना बोटं टेकवायची, मग ती आपल्या ओठांना लावायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या पोरापर्यंत. त्यातून कुणी सुटत नाही. इथे शेवटचं आमेन झालं की लोक कोट चढवतात आणि पार्किंगकडे निघतात. पहिल्या वर्षी मी हात पुढे केला होता, समोरच्या बाईंना वाटलं मला काही हवंय.

पण सणाच्या दिवसावरून त्या जागेची पारख करू नकोस. वर्षभर न फिरकणारेही त्या दिवशी येतात. तुझ्या शेजारी बसलेलं कुटुंब तुमच्याइतकंच नवखं असणार. आपल्याकडे दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो, एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा. भेटीगाठी आपल्या पूर्वजांनीही उपासाच्या दिवशी ठेवल्या नव्हत्या, त्यांना वेगळा दिवस दिला होता.

माझी सुरुवात तुझ्याहून वाईट झाली. तिसऱ्या वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन झालं, अकरा दिवस त्या इस्पितळात होत्या आणि सिनेगॉगमधून कुणी आलं नाही. मी इतकी दुखावले की वर्षभर तिकडे पाऊल टाकलं नाही. पुढे कळलं की कुणाला माहीतच नव्हतं. इथली इस्पितळं गोपनीयतेच्या नियमांमुळे सहसा आपणहून कळवत नाहीत. अलिबागेत कळवायची वेळच आली नसती, आळीत रिक्षा थांबली तरी चार घरांतून विचारपूस होते. इथे सांगावं लागतं, आणि सांगायला आधी कुणीतरी ओळखीचं लागतं. मी रागावून बसले, तेव्हा ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

मग अलिबागला वडील गेले. मला पोचता आलं नाही. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची होती. ती एकट्यानं म्हणता येत नाही, मिन्यान लागतं, दहा माणसं. रोज सकाळी सात वाजता मागच्या लहान खोलीत प्रार्थना असते एवढं पत्रकात वाचलं होतं. गेले. बाहेर अंधार, खोलीत खुर्च्या पन्नास आणि माणसं मूठभर. आपल्यात माणसं एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत. एक वयस्क गृहस्थ स्तोत्रातली दहा शब्दांची ओळ म्हणत एकेकाकडे बोट करत होते, 'होशिया एत अमेखा...' एका शब्दाला एक माणूस. शेवटचा शब्द 'हाओलाम' माझ्यावर आला. ते थांबले, मान हलवली आणि म्हणाले, चला, सुरू करू.

अलिबागेत मी जन्मभर सिनेगॉगमध्ये गेले, पण मिन्यानमध्ये बायका धरत नाहीत. इथल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानं 1973 मध्ये बायकांना धरायची मुभा दिली. त्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मोजले गेले. पुढचे अकरा महिने रोज गेले. चौथ्या महिन्यात तापानं एक दिवस चुकला, तर सात वाजून वीस मिनिटांनी फोन आला, बरी आहेस ना? नऊशे घरांच्या त्या सिनेगॉगमध्ये माझी गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात आली होती. तो फोन आला आणि तिथला परकेपणा गेला.

म्हणून माझं सांगणं इतकंच आहे: जिथे तू आली नाहीस तर कुणाचं तरी अडेल, अशी जागा त्या मोठ्या इमारतीत शोध.

हे दुखणं आजचं नाही. तालमूद या आपल्या प्राचीन धर्मग्रंथात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या प्रचंड सिनेगॉगचं वर्णन आहे. ते एवढं मोठं होतं की प्रार्थना म्हणणाऱ्याचा आवाज मागे पोचायचा नाही. मधल्या लाकडी चौथऱ्यावरून एक जण फडकं हलवायचा, तेव्हा लोक आमेन म्हणायचे. पण बसायचे मात्र धंद्याप्रमाणे. सोनार वेगळे, चांदीचं काम करणारे वेगळे, लोहार वेगळे, विणकर वेगळे. गावात नवा गरीब माणूस आला की तो आपल्या धंद्याची माणसं ओळखून त्यांच्यात जाऊन बसायचा, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय तिथूनच व्हायची. मला प्रत्येक वेळी वाटतं, आपला एखादा शनिवार तेली (तेल गाळणारे आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव) तिथे गेला असता तर त्यालाही बसायला बाक मिळाला असता. कॅलिफोर्नियात एन्सिनोच्या व्हॅली बेथ शालोममध्ये राब्बाय (धर्मगुरू) हॅरॉल्ड शुलवाइस यांनी 1970 च्या दशकात असंच काहीसं केलं. मोठ्या जमातीची लहान लहान मंडळं पाडली, त्यांना हवुरा म्हणतात. एकमेकांच्या घरी शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस), मुलांचे सण, आजारपण, सगळं ती थोडी घरं मिळून सांभाळतात. आता बऱ्याच ठिकाणी हवुरा असतात. ऑफिसात फोन करून विचार, तुमच्या वयाच्या मुलांच्या घरांची आहे का.

नसेल तर स्वयंपाकघरात जा. शनिवारच्या किद्दूशला, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या खाण्याला, ताटं लावणाऱ्या बायकांना मदतीचे हात नेहमीच कमी पडतात, आणि कांदा चिरता चिरता जेवढी ओळख होते तेवढी बाकावर बसून होत नाही. नवऱ्याला आठवड्यातून एक सकाळ मिन्यानला पाठव. नवव्या-दहाव्या माणसाला तिथे जो मान असतो तो त्याला एकदा अनुभवू दे.

लहान सिनेगॉग वाईट नाही. घराजवळ असतं तर मी तेच सांगितलं असतं. पण मूल तापलं असताना रात्री चाळीस मिनिटं गाडी हाकत कोण येणार? शिवाय मोठ्या जमातीकडे मुलांची शाळा असते, दफनभूमी असते, आणि शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, सात दिवसांत घरी जेवण पोचवणारी माणसं असतात. फक्त त्यांना तुझं दार माहीत हवं.

आणि मलिदा कर, आपला आभाराचा विधी. नव्या घराचा केला नसशील अजून. एखाद्या शनिवारी शब्बाथ उतरल्यावर चार घरं बोलाव, दोन सिनेगॉगमधली, दोन शेजारची. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची सगळं तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. खोबरं गोठवलेलं असेल तर आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेव. एलियाहू हन्नबीचं (प्रेषित एलियाचं) गाणं कागदावर उतरवून प्रत्येकाच्या हाती दे, ते लोक चाल पटकन उचलतात. मी पहिल्यांदा केला तेव्हा ते दहा शब्द मोजणारे गृहस्थ आले होते. त्यांनी दोनदा मागून घेतला आणि जाताना दारात स्वतः हात पुढे केला, बोटं सरळ धरून.