मंडळीचा पत्ता विचारलात, म्हणून शेजाऱ्यांविषयी

जर्मनीत एर्लांगेनला नोकरी मिळाली आहे, पत्नी आणि तिसरीत जाणारी मुलगी यांच्यासह उन्हाळ्यात निघणार आहात, आणि तिथे आपली मराठी ख्रिस्ती मंडळी आहे का, नसल्यास विश्वासात टिकून कसे राहायचे, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, विमा आणि घरभाड्याची माहिती सरकारी पानांवर मिळेल, ती मी इथे उतरवत नाही. तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध मात्र मला स्वतःलाच अजून सुटलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल (म्हणजे इथले प्रोटेस्टंट) लिहिले की पगारातून चर्चकर कापला जातो. बव्हेरियात, म्हणजे एर्लांगेन ज्या राज्यात आहे तिथे, तो आयकराच्या ८ टक्के आहे, उत्पन्नाच्या नव्हे. म्हणजे वर्षाचा आयकर ५,००० युरो झाला तर चर्चकर ४०० युरो. आम्ही नगरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट अशा अनेक परंपरा १९७० साली एकत्र येऊन झालेली ही मंडळी कोणत्या खान्यात बसते, हे खिडकीमागच्या बाईंना मी समजावून सांगत असतानाच त्यांनी त्या जागी आडवी रेघ ओढली आणि पुढचा नंबर पुकारला. ज्या शहराचा नवा भाग १६८६ पासून फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट लोकांकरिता वसवला गेला, त्याच शहरात हे घडावे याची गंमत मला बऱ्याच उशिरा वाटू लागली.

ती रेघ मुलाच्या शाळेपर्यंत पोहोचली. इथे धर्म हा शाळेतला विषय आहे, तो पंथानुसार वेगळ्या वर्गात शिकवतात आणि उरलेल्या मुलांसाठी एथिक नावाचा नीतिशिक्षणाचा तास असतो. आमच्या मुलाला एथिकमध्ये बसवले. बाप्तिस्म्याचा दाखला मराठीत, त्याचे भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून हवे, त्यावर कोणाचा शिक्का चालेल हे कोणीच सांगेना, आणि या धावपळीत ते वर्ष सरले. तरी मला कागदांचा राग नाही. वर्गशिक्षिका अगदी प्रेमाने म्हणाल्या होत्या, ‘तुम्ही भारतातले, म्हणजे हिंदूच ना?’ हे वाक्य अजून सलते. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. तरी तिथे आम्हाला परक्यांचे ठरवणारे भेटत, आणि इथे धर्म कधी बदललात असे विचारतात. हे तुमच्याही वाट्याला येईल. मुलीला आधीच सांगून ठेवा.

एकटेपणाचे म्हणाल, तर तो येतो आणि नोव्हेंबरमध्ये जास्त येतो; त्यावर याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मंडळीविषयी. मराठी उपासना अधूनमधून दूरच्या शहरात कोणाच्या तरी घरी होते, तिथे जरूर जा, जुनी गीते पोटभर गा. पण आठवड्याचे उरलेले दिवस जिन्यावर जातात, आणि माझा विश्वास, जो काही उरला आहे तो, तिथेच टिकला. नगरला आमच्या वाडीत चर्चचे पाळक घरभेटीला येत, नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्यांची ताटे हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे जात आणि दिवाळीला, ईदला ती भरून परत येत. इथल्या चर्चमधून आमच्याकडे घरभेटीला कोणी आले नाही. आले ते शेजारी, आणि तेही कुरिअरवाल्याने आमच्याकडे ठेवलेली पार्सले न्यायला. तेवढ्यावरून ओळख वाढते. वरच्या मजल्यावरच्या आजींचे पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट आमचा मुलगा वर नेऊन देऊ लागला. पलीकडच्या तुर्की कुटुंबाबरोबर जिना झाडण्याच्या आणि बर्फ काढण्याच्या पाळ्यांची अदलाबदल होऊ लागली. आजींनी चर्च कधीच सोडले आहे, देव मानत नाही असे त्या स्वच्छ सांगतात, आणि मी रुग्णालयात होते तेव्हा रात्री मुलाजवळ त्याच थांबल्या. बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे आपल्यांनी टाळलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची, गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, आणि त्यात आपण मदत करणारेच असणार असे नेहमी गृहीत धरले जाई.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली होती. आमचा जिना त्याही पलीकडचा आहे, आणि त्याला मंडळी म्हणावे का, हे मला अजून ठरवता येत नाही. मुलगा हल्ली जर्मनमध्ये प्रार्थना करतो; ती देवाशी बोलल्यासारखी आहे की शाळेत उत्तर दिल्यासारखी, हे मला ऐकून कळत नाही, आणि याचे दुःख मी घरी कोणाला सांगितलेले नाही.

पुढे आम्ही इव्हँजेलिकल म्हणून नोंद करून घेतली. दरवर्षी कराचा कागद आला की नाव काढून घ्यावे असे वाटते. अजून काढलेले नाही. तुम्ही नोंद करायची की नाही, हे तुम्हीच ठरवा. निघण्यापूर्वी पाळकांकडून तिघांच्याही बाप्तिस्म्याचे दाखले सही-शिक्क्यासह इंग्रजीत घ्या आणि मूळ प्रती जवळ ठेवा. घर मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्या मजल्यांवर जाऊन नाव सांगा, पण शनिवारी सकाळी; रविवारी इथे चर्चला न जाणारे लोकसुद्धा शांतता कसोशीने पाळतात.